कांग्याची नऊवारी

"कापड कुठलंही द्या, मी त्याची नऊवारी करून दाखवते! नाही केली तर इचलकरंजीची म्हणून सांगणार नाही!"

हे मी मिस्टर लाझारोंच्या स्टुडिओत, भरल्या बैठकीत, कमरेवर हात ठेवून म्हणाले. इंग्रजीत म्हटल्यामुळे वाक्य जरा लंगडलं, आणि इचलकरंजी हा शिवणीचा एखादा प्रकार असावा असं समजून शेजारच्या बाईनं मला तो शिकवायची विनंती केली. पण आवेश पोचला.

वीस-बावीस वर्षं झाली या गोष्टीला. आम्ही तेव्हा टांझानियात, दार-एस-सलामला राहत होतो. तिथं सगळे नुसतं 'दार' म्हणतात. मी फोनवर आईला सांगायची, "आम्ही दारमध्ये मजेत आहोत," आणि आई म्हणायची, "अगं, मग तुम्हाला आत का घेत नाहीत?" माझे यजमान दिनकर तिथल्या एका कापड गिरणीत मशिनं दुरुस्त करायचे. मी फॅशन डिझायनिंगचा डिप्लोमा घेऊन उशांच्या अभ्र्यांना झालरी लावत बसले होते. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी मला डिझायनर म्हणावं एवढीच इच्छा होती. दिनकर म्हणायचे, पण ते चहा हवा असला की.

मिस्टर लाझारो हे तिथले नावाजलेले डिझायनर. ते घरातही काळा चष्मा घालायचे. त्यांनी शो काढला होता: आफ्रिकेच्या पारंपरिक कापडाला नवा जन्म. ज्याला जे कापड हवं ते त्यानं घ्यायचं आणि पूर्वी कधी कुणी केलं नाही असं त्याचं काहीतरी करायचं. एकानं युगांडाचं झाडाच्या सालीचं कापड उचललं, सूट शिवायला. एकीनं चिखलानं रंगवलेलं कापड घेतलं. मी कांगा घेतला.

कांगा म्हणजे तिथल्या बायकांचं रोजचं नेसू. सुती, चारी बाजूंनी काठ, मधे मोठी नक्षी. तो नेहमी जोडीनं मिळतो. एक कमरेला गुंडाळायचा, एक डोक्या-खांद्यावरून घ्यायचा. मी तो निवडला कारण नक्षीत मला आपली कोयरी दिसली. ती कोयरी नव्हती, काजूची बी होती. शिवाय खालच्या काठाच्या वर एक ओळ छापलेली होती, तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. कापडाच्या कडेला छापलेलं असतं ते गिरणीचं नाव, हे मला माझ्या गावानं शिकवलं होतं. गिरणीचं नाव कोण वाचत बसतं?

घरी येऊन कांगा पसरला आणि माझा आवेश निम्म्यावर आला. नऊवारीला लागतं आठ मीटरच्या वर कापड. कांगा दीड मीटरवर संपतो. म्हणजे सहा कांगे जोडायचे, आणि काठ तर कापायचे नाहीत. मी काठाला काठ लावून सगळे जोडले, शिवलेल्या नऊवारीसारखा घोळ आणि काष्टा बांधला, आणि मापाला कुणी नव्हतं म्हणून दिनकरना उभं केलं.

"हेमे, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे."

"मग सरळ उभे राहा."

"अगं, कुणी बघितलं तर?"

"कोण येतंय आता? हलू नका, टाचणी लागेल."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "होडी?"

होडी म्हणजे 'आत येऊ का'. त्यावर 'करिबू' म्हणायचं, म्हणजे 'या'. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. दिनकर चांगल्या वळणाचे, सवयीनं पटकन "करिबू!" म्हणून मोकळे झाले.

आत आली आमची घरमालकीण, मामा आशुरा. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. तिच्या मुलीचं नाव आशुरा, म्हणून ही मामा आशुरा. "मामा आशुरांनी आज मला नाश्ता दिला," असं मी एकदा आईला फोनवर सांगितलं, तर हा कोण मामा आणि तुला नाश्ता का देतो म्हणून आई आठवडाभर धुसफुसत होती.

तर मामा आशुरा आत आली. दिनकर तिच्याकडे पाठ करून नऊवारीत उभे. तिनं त्यांना खालून वर पाहिलं, मग मधेच थांबून काहीतरी वाचलं आणि दाराची चौकट धरून खाली बसली. हसून हसून तिला धाप लागली.

"काय झालं?" मी टाचण्या काढून विचारलं.

"दादा हेमा," ती म्हणाली. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. "तुझ्या नवऱ्यानं मला तोंडानं 'या' म्हटलं. आणि मागूनही म्हणतोय!"

ती बोट दाखवत होती तिथं, काष्ट्याच्या बरोबर खाली, दिनकरच्या बैठकीवर, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'करिबुनी वागेनी.' या, पाहुण्यांनो.

"ते गिरणीचं नाव आहे ना?" मी म्हणाले.

यावर ती परत बसली.

दिनकर स्वयंपाकघरात पळाले ते कुलूप लावल्यासारखे आतच राहिले. मग मामा आशुरानं डोळे पुसून मला कांगा समजावून सांगितला. तिथं कांगा आधी वाचतात आणि मग नेसतात. सुनेला सासूला सांगायचंय, शेजारणीला शेजारणीला सुनावायचंय, तोंडानं म्हणता येत नाही, तर तसली ओळ शोधून आणायची, नेसायची आणि तिच्या दारावरून दोन चकरा मारायच्या.

"समोरची बी हालिमा माहीत आहे ना?" ती म्हणाली. स्वाहिलीत बी म्हणजे बाई. "एका लग्नात माझ्या पुलावाला मीठ नाही म्हणाली."

"तुमच्या तोंडावर?"

"तोंडावर म्हणाली असती तर तिथंच मिटलं असतं! दुसऱ्या दिवशी कांगा नेसून माझ्या अंगणासमोरून गेली. लिहिलेलं होतं, 'हाताला चव नाही ती चुलीला दोष देते.'"

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? बाजारात गेले."

तेव्हापासून या दोघी बायका एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, पण त्यांचं भांडण रोज धुऊन वाळत पडत होतं. गल्लीतले लोक सकाळी उठून दोन्ही दोऱ्या वाचायचे आणि मग कामाला जायचे.

यात मरण होतं आशुराचं. एकवीस-बावीस वर्षांची उंच, हसरी मुलगी. तिचं नि बी हालिमाच्या मुलाचं, बकारीचं, जमलं होतं. हे दोन्ही आया सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि मग त्यांनाही झालं. बकारीनं आईची महिनाभर मनधरणी केली. शेवटी बी हालिमा म्हणाली, मी मुलीला एकदा नीट बघीन, पण तिच्या घरी पाऊल ठेवणार नाही. आवडली तर निरोप धाडीन. नाही आवडली तर टांगा गावची मामेबहीण तयार आहे, आणि पुन्हा हा विषय नाही.

"घरी येणार नाहीत, मग बघणार कुठं?" मी आशुराला विचारलं.

"तेच तर, दादा हेमा," ती माझ्या मशिनपाशी येऊन बसली. "तुमच्या शोमध्ये मला चालायला घ्या. त्या येते म्हणाल्यात."

म्हणजे थोडक्यात कांदेपोह्यांचा कार्यक्रम, फक्त स्टेजवर, आणि मुलीच्या अंगावर माझी नऊवारी. मी डिझायनर होते की नाही हे त्या दिवशी ठरणार होतं, पण तिचं तर सगळंच ठरणार होतं.

"मामा आशुरांना चालेल?"

"आई म्हणते, तू स्टेजवर अशी चाल की ती हालिमा जळून गेली पाहिजे."

"अगं, जाळायचंय की जुळवायचंय?"

"तुम्ही शिवा हो," आशुरा म्हणाली.

या वेळी मी शहाणी झाले होते. मामा आशुराला घेऊन बाजारात गेले आणि प्रत्येक कांगा वाचून घेतला. दुकानदार कंटाळला. शेवटी एक सापडला, निळा-पांढरा, काजूबियांचाच, ओळीचा अर्थ असा: 'माफ करू या एकमेकींना, दुनिया म्हणजे वाटेतला मुक्काम.' मामा आशुराला तो अजिबात आवडला नाही.

"माफ कोण कुणाला करणार? हे स्पष्ट नाही," ती म्हणाली.

"स्पष्ट नाही म्हणूनच घ्या," मी म्हणाले.

ती ओळ मी पदरावर आणली, छातीवरून खांद्याकडे जाणारी, पहिल्या रांगेतून चष्म्याशिवाय वाचता येईल अशी. मागच्या बाजूला एक अक्षर येऊ दिलं नाही. काष्टा कोरा. काठाला काठ लावून नाजूक शिवण घातली, एकेरी, कारण दुहेरी टीप मारली की नक्षी आक्रसत होती. आणि चालून झालं की काय करायचं हेही शिकवलं.

"टोकाला जायचंस, गुडघ्यात पूर्ण वाकायचंस, स्टेजला हात लावून कपाळाला लावायचास. आमच्याकडे तसंच करतात."

"यात वाकता येतं?"

"वाकता? अगं, आमच्या बायका नऊवारीत घोड्यावर बसून लढाईला गेल्यात!"

सरावाला आम्ही चालण्यावर खूप मेहनत घेतली. वाकायचा सराव राहून गेला.

शो एका हॉटेलच्या हॉलमध्ये दुपारी होता. मिस्टर लाझारो आतल्या बाजूला हिंडत प्रत्येकाला सांगत होते, "कापडानं शरीराला प्रश्न विचारला पाहिजे!" आमच्याकडे कापड शरीराला प्रश्न विचारत नाही, झाकतं, असं मला सांगावंसं वाटलं, पण त्यांच्यामागे सालीच्या सुटातला पोरगा उभा होता. त्याला उत्तर मिळालेलं दिसत होतं. सूट इतका ताठ झाला होता की त्याला गुडघाच नव्हता. दोघांनी त्याला कपाटासारखा तिरका करून स्टेजवर नेला, तिथं फिरवला आणि परत आणला. टाळ्या पडल्या.

मी आणि मामा आशुरा पडद्याच्या फटीतून बघत होतो. पहिल्या रांगेत बी हालिमा येऊन बसली. गोल, भारदस्त बाई, कमरेला कांगा, खांद्यावर कांगा, दोन्ही नवे करकरीत.

"वाच," मामा आशुरा दात खाऊन म्हणाली.

मी अडखळत वाचलं. "उपेंदे उसिपेंदे, निमेफिका."

"आवडो न आवडो, मी आलेच!" मामा आशुरानं अर्थ सांगितला. "मला उद्देशून आहे. आजच्या दिवशीसुद्धा! थांब, मी घरी जाऊन बदलून येते."

"कुठं जाऊ नका! पोरगी निघाली."

आशुरा स्टेजवर गेली आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. निळ्या-पांढऱ्या कांग्याची नऊवारी, घोटे मोकळे, पदरावर काजूबिया. टाच अशी टेकवत होती की लाकडी स्टेज दणदण वाजत होता. हॉलमधल्या बायका पदरावरची ओळ मोठ्यानं वाचायला लागल्या, एकीनं वाचली की दुसरी मान हलवून 'खरंय' म्हणत होती. बी हालिमानं वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग मांडीवरची पर्स खाली ठेवली. आमच्याकडे मुलगी पसंत पडली की वरमाय पोह्यांची बशी खाली ठेवते, तसंच.

आशुरा टोकाला पोचली. माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. आणि वाकली.

टर्र.

तो आवाज मी इचलकरंजीत हजारदा ऐकला आहे. ठाण फाडताना येतो. काष्टा मधोमध उसवत वर कमरेपर्यंत गेला आणि मागचा सगळा घोळ दोन पडद्यांसारखा दोन्हीकडे सरकला. आत आशुरानं भावाची फुटबॉलची चड्डी घातली होती. त्या टीमला एका सिमेंटवाल्यानं पैसे दिले होते. चड्डीवर मागे, लाल अक्षरात, जाहिरात होती: 'मजबूत! पिढ्यान्‌पिढ्या टिकणार!'

ज्या गावात बायका कापड वाचायला शिकलेल्या असतात तिथं हे होऊ नये. आशुरा घाबरून पडद्याकडे तोंड करून वळली, म्हणजे पाठ लोकांकडे झाली. सगळ्या हॉलनं ते एका दमात वाचलं. मग मागून हसू आलं, फुटलं, पुढे सरकत आलं. पोरगी तिथंच उकिडवी बसली, तोंड ओंजळीत. मी धावायला गेले तर माझा पाय पडद्याच्या दोरीत अडकला. मामा आशुरा माझ्यावर पडली. आम्ही दोघी तिथं एकमेकींना सोडवत होतो, आणि ज्या मुलीनं माझ्यावर विश्वास टाकला होता तिचं लग्न समोर मोडत होतं.

आणि मग बी हालिमा उठली.

ती बाई पायऱ्या शोधत बसली नाही. तिनं खुर्ची स्टेजला लावली, खुर्चीवर पाय दिला, दोन पुरुषांच्या डोक्यांचा आधार घेतला आणि वर आली. स्टेज कुरकुरला. तिनं हॉलकडे बघून विचारलं, "काय हसताय? तुमच्या घरी चड्ड्या नाहीत?"

मागचे लोक उगाच खुर्च्या सावरायला लागले.

तिनं खांद्यावरचा आपला नवा कांगा काढला, आशुराला उठवलं आणि तिच्या कमरेला गुंडाळला. नीट, दोनदा चाचपून, गाठ मारून. नाकही पुसलं तिचं, त्याच कांग्याच्या टोकानं. मग खांद्याला धरून तिला लोकांकडे वळवलं. "चाल आता. मान वर."

आशुरा दोन पावलं चालली. आणि पहिल्या रांगेतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "अगं बाई."

कारण बी हालिमाच्या होणाऱ्या सुनेच्या अंगावर, बी हालिमाच्याच हातानं नेसवलेलं, लिहिलं होतं: आवडो न आवडो, मी आलेच.

आधी पहिली रांग हसली. मग सगळा हॉल. पण हे हसू निराळं होतं. बायका उठून टाळ्या वाजवायला लागल्या, एकीनं जीभ हलवून लग्नातला तो लांबलचक किलकिलाट सुरू केला, नि बाकीच्यांनी उचलला. बी हालिमाला कळेना. तिनं आशुराला जरा फिरवलं, ओठ हलवत वाचलं. मग स्वतःच्या कमरेकडे पाहिलं, तिथंही तेच होतं. तिचा हात आपोआप कांगा परत घ्यायला पुढे गेला.

"काढू नका!" हॉल ओरडला.

तेवढ्यात मामा आशुरा दोरीतून सुटली आणि केस विस्कटलेली, एका पायात चप्पल, अशी स्टेजवर पोचली. दोघी समोरासमोर. त्यांना एवढ्या जवळून पाहिलेलं गल्लीतल्या कुणालाच आठवत नसेल. आशुरा मधे.

"जोडी फोडलीस तू," मामा आशुरा म्हणाली.

"बघतेय ना," बी हालिमा म्हणाली.

"एवढ्या माणसांसमोर."

"मला कुठं माहीत होतं याचा अर्थ असा लागेल!" बी हालिमा करवादली. मग आशुराकडे पाहिलं, गाठ थोडी सरळ केली आणि म्हणाली, "उद्या येते घरी. पुलाव कर. मीठ मी घेऊन येईन."

"आण," मामा आशुरा म्हणाली. "एकदाचं तुझ्या हातानं घाल आणि गप्प बस."

मला तेव्हा एवढंच समजलं की रडायचं कारण संपलंय. बाकीचं मामा आशुरानं घरी परतताना टॅक्सीत सांगितलं. कांग्याची जोडी एकीच्या अंगावर असते तोवर ते नुसतं कापड. पण एखादीनं जोडीतला एक दुसरीला दिला की ती तिची झाली. मैत्रीण म्हण, बहीण म्हण, लेक म्हण. परत मागता येत नाही. "हालिमा निरोप धाडणार होती ना? निरोपच धाडला तिनं," मामा आशुरा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिनं माझा हात धरला होता, घरापर्यंत सोडला नाही.

मिस्टर लाझारो मात्र वेगळ्याच आनंदात होते. त्यांनी मला मिठी मारली. "शेवटी तुमच्या कापडानं प्रश्न विचारला! ते फाटणं! ते उघडं पडणं, आणि मग समाजानं झाकणं! हीच कल्पना होती ना?"

दिनकर माझ्या शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले.

"तुम्ही फार मोठ्या डिझायनर आहात," मिस्टर लाझारो म्हणाले. आयुष्यात एकदाच ऐकलं ते वाक्य, आणि तेही एकेरी टिपेमुळे.

लग्न थाटात झालं. पुलावाला मीठ जास्त झालं होतं. कुणी काही बोललं नाही, कुणी काही नेसलंही नाही. मी आजवर बरंच शिवलं, काही टिकलं, काही नाही. पण माझी फजिती कुणी आपल्या खांद्यावरचं काढून झाकली असेल तर ती त्या बाईनं. तिचं नि माझं कधी बोलणं झालं नव्हतं, नऊवारी तर तिनं पाहिलीही नव्हती. तिनं फक्त एक पोर रडताना बघितली. देवाला नमस्कार करताना अजून मी तिचं नाव घेते. देव विचारत असेल, ही कोण.

आम्ही दार सोडायच्या आधी बी हालिमा आमच्या घरी आली. "होडी" म्हणाली. दिनकरनी या वेळी उत्तर दिलं नाही. तिच्या हातात नवी जोडी होती, अजून न कापलेली. दोन कांगे एकाच पट्ट्यात येतात, मधे कापून कडा शिवून घ्यायच्या असतात. गुलाबी होती. ओळ मला आता न विचारता वाचता येत होती: 'वेमा हाउओझी.' चांगुलपणा नासत नाही.

"घे," ती म्हणाली. "काप आणि कडा शीव. दुहेरी टीप मार."

"बी हालिमा, आभार मी मानायचे, आणि भेट तुम्ही—"

"दोन्ही एकटीनं ठेवू नकोस," ती मधेच म्हणाली. "एक तुझा. दुसरा जिच्यावर तुझा जीव आहे तिला दे."

तिनं चहा घेतला, साखर कमी असल्याचं तोंडावर सांगितलं आणि गेली.

मी कडा शिवल्या, दुहेरी टीप मारली. एक ठेवून घेतला आणि दुसरा आईला पाठवला. आईनं त्याचा परकर शिवला. पहिल्याच धुण्यात माझ्या वडिलांचे सगळे पांढरे सदरे गुलाबी झाले.